हिरीची वाघबारस

माझ्या सासूबद्दल सांगायचं तर सुरुवात तिच्या तोंडापासूनच करावी लागेल. हिरी हे तिचं नाव, आणि आमची सबंध बिबळेवाडी तिच्या तोंडाला वचकून असायची. शिव्या ती कधी देत नसे. खोटं बोलता येत नसे, हीच खरी पंचाईत. आल्यागेल्याला कोणीही 'बरे आहात ना' विचारतं. ही म्हणायची, "केवढा वाळलास रे! बायको जेवाया घालत नाय काय?" आणि बायको शेजारीच उभी असायची.

मी वाशिंदची. बाप रेल्वेत गँगमन, त्यामुळे जन्म चाळीत गेला. जात एकच, आम्हीही ठाकूरच, पण आमच्या घरी गॅस होता आणि शनिवारी टीव्हीवर सिनेमा बघायला शेजारी यायचे. शहाण्णव साली माझं लग्न झालं. हनुमान, माझा नवरा, वाशिंदच्याच एका कारखान्यात कामाला. म्हणजे नवरा रोज एसटी पकडून वाशिंदला आणि वाशिंदची बायको डोळखांबच्या पुढे डोंगराखालच्या वाडीत, असा आमचा उलटा संसार. माझ्या बहिणी अजून हसतात.

सासूशी पहिली टक्कर झाली ती काकडीवरून. भादव्याचे दिवस होते. शेताच्या बांधावर काकडीचा वेल सुटला होता आणि त्याला बोटभर लांबीच्या हिरव्या, लव असलेल्या काकड्या लगडल्या होत्या. मी एक तोडायला हात घातला तर मनगटावर फाटकन चापट बसली.

"वाघबारशीआधी? अक्कल हाय का नाय?"

"काकडीच तर आहे," मी म्हटलं.

"नवं हाय ते. पितरांनी खाल्लं नाय, वाघदेवानं खाल्लं नाय, आन तू खाशील? नवं चोरून खाल्लं तर वाघ दावनीतून गुरं उचलतो. आन घरातलं पोर जगत नाय."

मला पोर नव्हतं अजून, आणि वाघ तर वाडीतल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा पाहिला नव्हता. पण सासूचे डोळे बघून मी हात मागे घेतला. मनात मात्र म्हटलं, ही बाई आहे का पोलीस चौकी.

आमच्याकडची रीत अशी. नवा भात, नवी काकडी, नवी चवळी, यातलं काहीही वाघबारशीच्या आधी तोंडात घालायचं नाही. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. त्या दिवशी शिवेवर, जिथे शेंदूर लावलेला वाघदेवाचा दगड आहे तिथे, सगळ्या भाऊबंदांनी जमायचं. घरटी मूठ-मूठ नवे तांदूळ एका हंड्यात पडले पाहिजेत आणि घरटी माणूस रिंगणात जेवायला बसलं पाहिजे. वाडीत सगळ्यात थोरली सवाष्ण पहिलं पान वाघदेवापुढे ठेवते, मग सगळे जेवतात, आणि मग घरोघरी नवं खायला मोकळीक. ज्यानं आधीच खाल्लं असेल त्यानं तसं सांगून रिंगणाबाहेर बसायचं, आणि सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं. त्याची कोणी मान कापत नाही, फक्त वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. पण ज्या घरचं माणूस आलंच नाही, ते घर भाऊबंदीतून सुटलं असं धरतात. मग त्यांच्या लग्नाला, मयताला कोणी उभं राहत नाही.

थोरली सवाष्ण म्हणजे माझी सासू. वाघबारस म्हणजे तिचं राज्य.

त्या जेवणाला दुकानातलं तिला चालायचं नाही. मीठ आणि काडेपेटी, बस. मी पहिल्या वर्षी माहेरून चिवडा, चकल्या, शंकरपाळ्यांचा डबा घेऊन आले होते. तिनं डबा उघडला, वास घेतला, झाकण लावलं आणि फळीवर ठेवला. "हे परवा खाऊ," म्हणाली. "याला वाघ इचारत नाय."

मग तिचं सुरू व्हायचं. पहाटे उखळात नवा भात सडायचा, गिरणीत न्यायचा नाही. त्यातले काही तांदूळ जात्यावर दळायचे. वेलावर पिवळी झालेली मोठी काकडी किसायची, त्यात ते पीठ, गूळ आणि किंचित मीठ कालवायचं, हळदीच्या पानावर थापून दुसरं पान वर घालायचं आणि मडक्यात वाफवायचं. त्या सावेल्या. वाफ आली की हळदीच्या पानाचा आणि काकडीचा मिळून जो वास सुटतो, त्यानं माझ्यासारखी वाशिंदची बाईसुद्धा चुलीपाशी घोटाळायची. त्याच्या जोडीला रानातल्या करांद्याचे उकडलेले कंद, चवळीच्या शेंगा, नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी. तेल लागलंच तर मोहाच्या बियांचं. एकदा मी तिला चिमटा काढला होता, "आई, गूळ कुठे आपल्या रानात होतो? तो तर मुरबाडच्या बाजारचा."

"बाजार मुरबाडचा म्हंजे माज्या म्हायेरचा," ती म्हणाली. "तो चालतो."

पिण्याचं खातं माझ्या सासऱ्याकडे. नामा त्यांचं नाव. मोहाची पहिल्या धारेची त्यांनी बाटलीत राखून ठेवलेली असायची आणि पळसाच्या द्रोणातून ती आधी पितरांच्या नावानं जमिनीवर शिंपडायची, मग मोठ्या माणसांनी घोट-घोट घ्यायची. एका वर्षी दिवाळीच्या आधीच धाड पडली आणि वाडीत थेंब उरला नाही. तेव्हा माझे चुलत सासरे कोंडू शहापूरच्या स्टँडवरून काळ्या थंड पेयाची मोठी बाटली घेऊन आले. सासऱ्यांनी गंभीर चेहऱ्यानं ती द्रोणात ओतली, तर फेस उसळून हातावर आला.

"पितर खवळले," सासरे म्हणाले.

"खवळले नाय," सासू म्हणाली, "ढेकर देतात."

ती सबंध वाडी हसत होती ते मला अजून दिसतं. सासूच्या शेजारी सगळ्यात जास्त कोण हसत होतं, तर सावळी.

सावळी म्हणजे कोंडूकाकांची बायको, माझी चुलत सासू. पण त्याआधी ती माझ्या सासूची सख्खी धाकटी बहीण. सासूनंच मुरबाडहून तिला आपल्या दिराला करून आणली होती. दोघींच्या घरांमध्ये एकच खळं. एकीची चूल पेटली की दुसरी धूर बघून सांगायची आज काय शिजतंय. स्वभाव मात्र दोन टोकांचे. सासू बोलून मोकळी व्हायची, सावळी गिळून बसायची. सावेल्या करायला दोघी जोडीनं बसायच्या. सासू किसायची, सावळी थापायची, आणि दोन पानं झाली की तीन वेळा भांडण. सावळी सासूला 'बाय' म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, आणि पन्नाशीला आलेल्या त्या बाईच्या तोंडी तो शब्द ऐकला की ती एकदम लहान मुलगी वाटायची.

दोन हजार एक साली सावळीची मुलगी दिपिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कसाऱ्याकडे दिली होती तिला. गोड पोरगी, पण अंगात रक्त नव्हतं, तोंडाला चव नव्हती, सारखी उलटी. घट बसले त्या आठवड्यात अवचित पोटात दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत जीपमध्येच तिनं कळा सोसल्या. मुलगा झाला. दिवस भरले नव्हते. डॉक्टर म्हणाले, वजन फार कमी आहे, छाती कच्ची आहे, बघू. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मी तेव्हा दवाखान्यात होते. फडक्यात गुंडाळलेलं ते एवढंसं मूल कोंडूकाकांनी हातावर घेतलं आणि ते कसं धरावं तेच त्यांना कळेना. त्याविषयी मला याहून जास्त लिहवत नाही.

तेव्हापासून सावळीचं बाहेर येणंजाणं बंद. दिपिका आत एका कोपऱ्यात पडलेली. पेजेच्या पाण्याखेरीज पोटात काही घेत नव्हती. माझी सासू रोज खळं ओलांडून जायची, उंबऱ्यावर बसायची, बोलायची, आणि सावळी भिंतीकडे बघत राहायची. चार-पाच दिवस सासूनं धीर धरला. मग तिच्या स्वभावाप्रमाणे एक दिवस बोलली, "दुख तुलाच हाय काय? माजी बहीन पन तूच हायस." सावळीनं उठून आतली कडी लावून घेतली. त्यानंतर सासू गेली नाही. जेवताना मात्र तिचं लक्ष खळ्यापलीकडच्या चुलीच्या धुराकडे असायचं.

वाघबारस जवळ आली. जुने तांदूळ घरोघरी संपत आले होते, पोरं खळ्यावरच्या नव्या भाताच्या राशीभोवती घुटमळत होती. सासूनं रीतीप्रमाणे घरोघर सांगावा धाडला. कोंडूकाकांच्या घरून उत्तर आलं, "आमाला सोडून करा."

वाडीत ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. बहिणी-बहिणींचं बिनसलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. कोणी म्हणालं हिरी टोचून बोलली असेल, कोणी म्हणालं सावळीला पहिल्यापासून थोरलीचा जाच. दोघींच्या भांडणाची कारणं लोकांनी इतकी शोधली की खऱ्या भांडणाला जागा उरली नाही. भगीरथबाबा वाडीचे जुने जाणते. ते येऊन ओट्यावर बसले.

"सुतक कवाच फिटलं, हिरे. आता न यायला कारन काय? उन डोक्यावर येस्तोवर वाट बघू. नाय आली तर त्यांचं घर सोडून हंडा उतरवू."

"सोडून म्हंजे?"

"म्हंजे तुला म्हाईत हाय."

सासूला माहीत होतंच. कोंडूकाका बिचारे दोन्हीकडे तोंड करून रडवेले झाले होते. ते यायला तयार होते, पण सावळीनं त्यांना शपथ घातली होती की आपल्या घरचा एक दाणा त्या हंड्यात पडता कामा नये. का, ते तिनं त्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

वाघबारशीच्या सकाळी शिवेवर चूल पेटली. मी किसायला बसले, सासू एकटीच सावेल्या थापत होती. तिच्या हातात थापायचं कसब नव्हतं, ते सावळीचं काम. पानाबाहेर पीठ ओघळत होतं. ऊन चढू लागलं तसे लोक आपापल्या मुठी घेऊन आले आणि हंड्यात तांदूळ टाकून रिंगणात बसले. एका घराची जागा रिकामी होती. सासूनं हात धुतले, पदराला पुसले आणि मला म्हणाली, "चल गो."

"कुठे?"

"कुठं म्हंजे! तिच्या दारात. झिंज्या धरून आनते तिला."

मी तिच्यामागे जवळजवळ पळतच निघाले. आज इथे दोघींची हातघाई होणार आणि मला सोडवावी लागणार, याच धास्तीनं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत दिपिका भिंतीला टेकून बसली होती आणि सावळी तिच्या पायाशी. चूल थंड होती. सासू उंबऱ्यातूनच कडाडली, "उठ! भगीरथ घर सोडून हंडा उतरवतोय. तुजा राग माज्यावर हाय ना? मग मला चार शिव्या दे आन चल. घर कशाला बुडवतेस?"

सावळी म्हणाली, "राग नाय, बाय."

"मग?"

सावळी लेकीच्या पायावरचं पांघरूण सारखं करू लागली. मग दिपिकाच हळूच म्हणाली, "मावशी, मी काकडी खाल्ली."

मला आधी काही उमजलंच नाही. सावळीनं लेकीच्या तोंडावर हात ठेवायला बघितलं, पण आता बोलून झालं होतं. मग तीच बोलू लागली, इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम.

"भादव्यात, बाय. पोरगी चार दिस जेवली नव्हती. वेलावरची काकडी दिसली तिला, म्हनाली आये, ती खावीशी वाटते. मी म्हनलं थांब, वाघबारस होऊं दे. तर रडाया लागली. पोटुशी बाय अशी रडली तर काय करायचं? मी कापली, मीठ लावलं आन दिली. अर्धी मी पन खाल्ली, म्हंजे लागलं तर मला लागंल. तर मला काय नाय झालं. त्या पोराला लागलं." तिनं सासूकडे बघितलं. "तूच सांगतेस ना? नवं चोरून खाल्लं तर पोर जगत नाय. मी आजीनं मारलं त्याला. आता त्याच हातानं वाघदेवाच्या हंड्यात तांदूळ टाकू? आन बाहेर बसले, तर लोक इचारतील काय खाल्लं, कवा खाल्लं. पोरीच्या कपाळी जन्माचं लागंल. तिच्या सासरी कळंल. त्यापरीस घर सुटलं तर सुटलं."

मला संताप आला. कोणावर ते सांगता येत नव्हतं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते सावळीनं माझ्याइतकंच नीट ऐकलं होतं. वजन, छाती, दिवस, सगळं. तरी ते तिच्या कानातून आत गेलंच नव्हतं, कारण तिथे आधीच दुसरं काहीतरी बसलं होतं. मी सासूकडे बघितलं. म्हटलं, आता बोल. एवढं तोंड आहे तुला, आता काढ शब्द.

सासूला असं मी कधी बघितलं नव्हतं. ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि पदर उलगडून पुन्हा गुंडाळू लागली, पुन्हा उलगडू लागली.

मग उठली आणि बाहेर गेली. मला वाटलं निघाली. पण ती घराच्या बाजूला गेली. सावळीच्या पडवीच्या छपरावर वेल चढला होता, अर्धा वाळलेला, आणि त्याला उशिराची एक काकडी लोंबत होती. सासूनं टाचा उंचावून ती तोडली, तशीच आत आली, दोघी मायलेकींसमोर उभी राहिली आणि कचकन चावली. धुतली नाही, सोलली नाही.

"बाय!" सावळी ओरडलीच. "अगो वाघदेव बसलाय तिकडं! पयलं पान तुला ठेवायचं हाय!"

सासूचं तोंड भरलेलं होतं. ती चावत राहिली. ती काकडी कडू होती, तिच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं, पण तिनं देठापर्यंत संपवली. मग म्हणाली, "माज्या सासूनं मला वाघ सांगितलेला. नुसता वाघ. नवं खाल्लं तर वाघ गुरं नेतो. पोराचं तिनं काय सांगितलं नव्हतं."

"मग?"

"ते मी जोडलं." सासूनं देठ खाली टाकला. "वाघ ऱ्हायला नाय रानात. पोरं भियेनात. कवळ्या काकड्या तोडून खायाची, आन वाघबारशीला सावेल्यांना पिकली काकडी उरायची नाय. म्हनून एका वरशी मी त्यात पोर घातलं. म्हनलं, आया तरी भितील. भ्यायल्या. मग दर वरशी सांगत आले. सावळे, ते वाघदेवाचं नाय गो. माज्या तोंडाचं हाय. तुज्या नातवाला काकडी लागली नाय."

ती रडत होती. माझी सासू रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. सावळी तिच्याकडे बघत राहिली, आणि तिला राग आला की सुटल्यासारखं वाटलं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. बहुतेक दोन्ही. मग तिनं एवढंच विचारलं, "खरं सांगतेस? का मला बरं वाटावं म्हनून?"

"कवा खोटं बोलले मी?"

एकच बोलली होती, आणि ते आत्ताच तिनं आपणहून कबूल केलं होतं.

"मूठ घे तांदळाची आन चल," सासू म्हणाली. "तुज्याकडं कोनी बघनार नाय, तेवढं मी करते. दिपिकाला घेऊन ये."

आम्ही दोघी पुढे गेलो. ऊन डोक्यावर आलं होतं, भगीरथबाबा हंड्यापाशी उभेच होते. सासू रिंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, जशी एरवी भांडायला उभी राहते तशी.

"कोंडूच्या घरचं मानूस येतंय," ती म्हणाली. "आन ऐका सगळी. या वरशी नवं मी आधी खाल्लंय. काकडी खाल्लीय. कोनाला काय बोलायचं तर मला बोला, वरीसभर बोला."

हिरीनं? जिनं आमच्या मनगटांवर चापट्या मारल्या, जिच्या भीतीनं पोरं वेलाला लांबून नमस्कार करायची, तिनं? सासऱ्यांच्या हातातला द्रोण कलंडला आणि पितरांना त्यांच्या वाट्यापेक्षा बरीच जास्त मिळाली.

"आन दुसरं," सासू म्हणाली. "पोर जगत नाय, असं मी सांगत आले ते माजं मी जोडलेलं. जुनं नाय ते. यापुढं कोनी पोटुशीला तसं सांगाल तर माज्याशी गाठ हाय."

भगीरथबाबा काहीतरी विचारणार होते. तेवढ्यात वाटेवरून सावळी येताना दिसली, एका हातात सूप, दुसऱ्या हातानं दिपिकाला धरलेलं. म्हाताऱ्यानं त्या पोरीकडे बघितलं, मग सासूकडे, आणि उघडलेलं तोंड मिटलं. म्हातारी माणसं शहाणी असतात ती अशा वेळी. सावळीनं हंड्यात मूठ टाकली. काही दाणे बाहेर सांडले, कोंडूकाकांनी ते वेचून आत टाकले.

"पयलं पान कोन ठेवंल मग?" कोणीतरी विचारलं.

"माजी सून ठेवंल," सासू म्हणाली.

खरं तर सासूनंतर मान सावळीचा होता, पण सासूनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी वाशिंदची, मला मंत्र येत नाही की नवस. मी पान उचललं, त्यावर नवा भात, सावेली, करांदा, चवळीच्या शेंगा वाढल्या आणि वाघदेवासमोर ठेवून हात जोडले. मनात त्याला काय म्हटलं ते माझं मला माहीत. सासऱ्यांनी उरलेली मोहाची शिंपडली.

सासू रिंगण सोडून बाहेर गेली आणि करवंदीच्या जाळीपाशी एकटीच बसली. आमच्याकडे पाठ करून. पंगत बसली, पानं वाढून झाली, पोरांनी सावेल्यांवर हात मारला, पण मोठ्यांचा घास काही उठत नव्हता. इतक्या वर्षांत तिची बडबड नसलेली वाघबारस कोणी जेवलं नव्हतं.

मग सावळी उठली. तिनं आपलं पान दोन्ही हातांनी उचललं.

"कुठं चाललीस?" भगीरथबाबांनी विचारलं.

"माजी बहीन एकली बसंल काय?"

ती जाळीपाशी गेली आणि सासूच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. सासू तिच्यावर खेकसली, हलक्या आवाजात, पण मला ऐकू आलं. "येडी हायस काय? जा माघारी. मी कशासाठी केलं एवढं?" सावळी जागची हलली नाही. मग दिपिका उठली. तिच्या पानावरच्या कशालाही तिनं हात लावला नव्हता. ते पान घेऊन ती सावकाश चालत गेली आणि दोघींच्या मध्ये बसली.

सावेलीकडे ती बघत होती. काकडीचीच ती. तिचा हात मांडीवरून वर येत नव्हता. मी पंगतीतून बघत होते, आणि मला वाटतं अर्धी वाडी बघत होती, बघत नसल्यासारखं दाखवून.

सासूनं सावेलीभोवतीचं हळदीचं पान उघडलं. आतल्या सावेलीचा एक तुकडा मोडला, फुंकर घातली आणि दिपिकाच्या ओठांपाशी धरला. बाहेर बसलेल्यानं पंगत उठेपर्यंत अन्नाला हात लावायचा नसतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? पण धरला.

"खा गो बाय माजी," ती म्हणाली. "तुजा काय दोस नाय."

दिपिकानं आईकडे बघितलं. सावळीनं मान हलवली. पोरीनं तोंड उघडलं, घास घेतला आणि डोळे मिटून चावू लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती चावत होती. तो घास गिळायला तिला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. मग तिनं डोळे उघडले, पदरानं तोंड पुसलं आणि स्वतःच्या हातानं दुसरा तुकडा मोडला.